उत्सर्ग समिती आणि पंचगंगेतील मासे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची लिखित संहिता)



धार्मिक संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात सांडपाण्यावर व्याख्यान व्हावे, हे अनेकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. अशा प्रसंगी संस्थापकांचे स्मरण करावे, देणगीदारांचे ऋण मानावे, झालेल्या कार्याचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे आणि तो उचितच आहे. परंतु ज्या धर्माने पाणी कोणत्या वस्त्रातून गाळावे, गाळलेले पाणी किती घटिका वापरावे, इतकेच नव्हे तर गाळण्यावर अडकलेल्या जिवांचे पुढे काय करावे, येथपर्यंत विचार केला, त्या धर्माचे हजारो अनुयायी पंचगंगेच्या काठी राहतात. त्याच पंचगंगेत सकाळच्या प्रहरी माशांचा खच तरंगताना दिसतो. या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात, एकाच काळात आणि कित्येकदा एकाच घराच्या परसदारी घडत असतील, तर त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे की नाही, याचा विचार धर्मपीठावरूनच होणे योग्य ठरेल.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा सुरू होते. कोल्हापूर शहराला वळसा घालून ती करवीर, हातकणंगले आणि शिरोळ या तालुक्यांतून वाहते व नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. नदी तशी लहानच. पण तिच्या काठची जमीन सोन्यासारखी आहे. भोगावतीवरील राधानगरी धरणाचा संकल्प राजर्षी शाहू महाराजांनी सोडला आणि या खोऱ्याचे भाग्य पालटले. पुढे नदीवर राजाराम, सुर्वे, रुकडी, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे उभे राहिले. दगडी खांबांच्या गाळ्यांत पावसाळा संपताच बरगे घालावयाचे आणि पुन्हा पावसाळ्यापूर्वी ते काढावयाचे, ही रचना साऱ्या महाराष्ट्रात ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावाने ओळखली जाते. जिल्ह्याला तिचा सार्थ अभिमान आहे.

मात्र बरगे घातले की वाहती नदी थांबते. तिचे एकाखाली एक असे डोह होतात. आणि नेमक्या याच सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. ज्या महिन्यांत नदीत ओतली जाणारी घाण सर्वाधिक असते, त्याच महिन्यांत ती वाहून नेणारा प्रवाह सर्वांत कमी असतो. हा योगायोग कोणी मुद्दाम घडवून आणलेला नाही, परंतु माशांच्या दृष्टीने तो प्राणघातक ठरतो.

मासे मरतात ते बहुधा पहाटे. रात्री पाण्यातील वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी पाण्यातील प्राणवायू नीचांकाला पोहोचलेला असतो. प्रथम मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात. मग कडेच्या उथळ पाण्याकडे धावतात. उजाडेपर्यंत वाम, मरळ, शिंगाडा, कटला, चिलापी, लहानमोठे सारेच पोट वर करून बंधाऱ्याच्या भिंतीशी साचतात. तेरवाड बंधाऱ्याचे नाव तर गेल्या अनेक वर्षांत मृत माशांच्या बातमीशी जणू जोडले गेले आहे. काठावर अर्धमेले मासे वेचणाऱ्यांची गर्दी होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येतात, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरतात. कधी वरून धरणाचे पाणी सोडले जाते आणि काळा लोट पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलला जातो. चार दिवसांनी वर्तमानपत्रांतून विषय मावळतो.

याचे कारण शोधताना जिल्ह्यात एक शब्द सर्वांच्या तोंडी असतो, तो म्हणजे ‘मळीमिश्रित पाणी’. हा शब्द थोडा उकलून पाहणे आवश्यक आहे. उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी. मळी हे विष नव्हे, ते अन्न आहे. गुराढोरांच्या खाद्यात तिचा वापर होतो, तिच्यापासून मद्यार्क बनतो. ती पाण्यात पडली की सूक्ष्म जिवाणूंना मेजवानी मिळते. त्यांची संख्या अमाप वाढते, आणि ते अन्न पचविण्यासाठी पाण्यात विरघळलेला सारा प्राणवायू ते शोषून घेतात. मासा विषाने मरत नाही, तो पाण्यात बुडालेला असूनही गुदमरून मरतो.

मद्यार्क काढून घेतल्यावर उरणारे तांबूस-काळे द्रावण, ज्याला ‘स्पेंट वॉश’ म्हणतात, त्याची तीव्रता याहून भयंकर आहे. एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निर्माण होतो. पाणी किती प्राणवायू मागेल हे सांगणारे जे माप आहे, ज्याला ‘बीओडी’ असे संक्षिप्त नाव आहे, ते घरगुती सांडपाण्यात लिटरमागे 200 ते 300 मिलिग्रॅम असते. नदीत सोडावयाच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठीची मर्यादा 30 आहे. स्पेंट वॉशमध्ये हेच माप 40,000 आणि त्याहूनही पुढे जाते. उन्हाळ्यातील तीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि माशाला त्यातील चार-पाच तरी हवा असतो. म्हणजे हवेतून नवा प्राणवायू मिळाला नाही, तर स्पेंट वॉशचा एक लिटर नदीचे पाच हजार लिटर पाणी निष्प्राण करू शकतो. दहा हजार लिटरांचा एक टँकर अंधारात रिकामा झाला, तर हिशेब पाच कोटी लिटरांवर जातो. बरगे घातलेल्या डोहात हवेतून मिळणारा प्राणवायू फारच अल्प असतो, हेही लक्षात घ्यावयास हवे.

हे केवळ कोल्हापुरात घडते असे नाही. मे 2018 मध्ये पंजाबच्या गुरुदासपूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या टाकीतून मळी बाहेर पडली आणि ओढ्यामार्गे बियास नदीत पोहोचली. असंख्य मासे मृत झाले. बियाससारख्या मोठ्या, हिमालयातून येणाऱ्या नदीची ही अवस्था झाली. पंजाब प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्यास 5 कोटी रुपयांचा दंड केला. कारखान्याच्या दृष्टीने तो अपघात होता. हा ‘अपघात’ शब्द येथे ध्यानात ठेवावा, पुढे त्याकडे परत यावयाचे आहे.

सारा दोष साखरेवर टाकून मोकळे होणे मात्र सत्याला धरून होणार नाही. इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगात सायझिंगची खळ, कॉस्टिक सोडा, रंग आणि क्षार यांनी भारलेले पाणी निर्माण होते. त्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. तरीही काळ्या ओढ्याच्या काठावर उभे राहिल्यास सारे पाणी त्या केंद्रातून जात असेल यावर विश्वास बसणे कठीण जाते. ओढा तसा लहान, एखाद्या तरण्या माणसाने उडी मारून ओलांडावा एवढा. त्याच्यात मासा आता शोधूनही सापडणार नाही, म्हणून त्याच्या मृत माशांची बातमीही होत नाही. आणि सर्वांत मोठा वाटा आहे तो शहरागावांच्या मैलापाण्याचा. कोल्हापुरातील जयंती नाला एके काळी ओढा होता. कसबा बावडा येथे दररोज 76 दशलक्ष लिटर क्षमतेचे आणि दुधाळी येथे 17 दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभे राहिले, हे स्वागतार्हच. पण नदीकाठच्या बहुतेक गावांची गटारे आजही थेट नदीकडे जातात. 2012 साली इचलकरंजीत काविळीची भीषण साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींनी प्राण गमावले. ती साथ कारखान्यांच्या मळीची नव्हे, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्याची होती. त्याच वर्षी पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि न्यायालयाच्या आदेशाने नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने नदीचा अभ्यास केला. 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतील 53 एकट्या महाराष्ट्रात होते, देशात सर्वाधिक. पंचगंगा त्या यादीत होतीच.

आता धर्माकडे वळावे.

श्रावकाच्या आचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा. उरलेल्या तिहींत त्याने मर्यादा पाळावी. स्वयंपाक करताना, शेत नांगरताना, कापड विणताना सूक्ष्म जिवांची हानी अटळ असते, हे आचार्यांना ठाऊक होते. त्यांनी गृहस्थाला अशक्य असे काही सांगितले नाही. नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की समाजातील अनेक सुजाण मंडळी या सवलतीचा आधार घेतात. “ही उद्योगी हिंसा आहे, कारखाना म्हटला की थोडेफार होणारच,” असे उत्तर ऐकू येते.

हे उत्तर तपासून पाहावे लागते. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणहानी पुरेशी मानलेली नाही. प्रमादाच्या योगाने होणारी प्राणहानी ती हिंसा, असा त्या सूत्राचा आशय आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, बेपर्वाई, जे करता आले असते ते न करणे. ईर्यापूर्वक, चार हात भूमी पाहून चालणाऱ्या मुनींच्या पायाखाली एखादा जीव आला तरी टीकाकार त्यांना हिंसक ठरवीत नाहीत. आणि न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही तरी तो दोषमुक्त होत नाही. ही कसोटी कारखान्याच्या टाकीला लावून पाहावी. टाकीची भिंत गळते हे ठाऊक असून हंगाम संपेपर्यंत दुरुस्ती लांबविली, प्रक्रिया यंत्रणा उभारली पण विजेचे बिल वाचविण्यासाठी रात्री बंद ठेवली, साठवण तलाव भरत आला तरी गाळप चालूच ठेवले, तर त्यानंतर जे घडते त्यास ‘अपघात’ म्हणता येईल; ‘उद्योगी हिंसा’ म्हणता येणार नाही. उद्योगासाठी ती हिंसा आवश्यक नव्हतीच. ती टाळण्याचा मार्ग उपलब्ध होता आणि त्यासाठी लागणारा खर्च टाळला गेला.

मुनिधर्मातील पाच समित्यांपैकी पाचवी उत्सर्ग समिती. काही ग्रंथांत तिला प्रतिष्ठापना समिती म्हटले आहे. शरीरातून बाहेर पडणारा मल कोठे आणि कसा विसर्जित करावा, याचा हा नियम आहे. जागा एकांतातील, लोकांच्या नजरेआड, जिवांनी रहित, आधी नीट पाहिलेली असावी. पर्वाच्या दिवशी प्रवचनात ईर्या, भाषा, एषणा यांचे विवेचन होते. या समितीवर मात्र वक्ते दोन वाक्यांत पुढे सरकतात. विषय काहीसा संकोचाचा, हे खरेच. परंतु जगातील किती धर्मांनी आपल्या परमोच्च साधूच्या चारित्र्याचा निकष म्हणून, तो टाकाऊ वस्तू कोठे टाकतो हे पाहिले असेल? पिंछी-कमंडलूखेरीज ज्याच्याजवळ काही नाही, त्यालाही हा नियम आहे. ज्याच्याजवळ लाखो लिटर टाकाऊ द्रव आहे, त्याच्या बाबतीत हा नियम शिथिल कसा होईल, हे समजणे कठीण आहे.

श्रावकासाठी तर याहून स्पष्ट शब्द आहेत. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांत तळी-सरोवरे आटविण्याचा व्यवसाय आहे, आणि यंत्राने पिळण्याच्या व्यवसायात तिळाबरोबर उसाचाही उल्लेख आहे! हा नियम शब्दशः लावला तर शिरोळ-हातकणंगले तालुक्यांत श्रावक शिल्लक राहावयाचा नाही. काळ बदलला, शेती बदलली, आणि उसानेच या समाजाची मुले शिकली, बोर्डिंगे चालली, मंदिरांवर कळस चढले. त्या उपकाराची नोंद ठेवलीच पाहिजे. तथापि व्यवसाय स्वीकारताना त्यातील दोषाची जाणीवही टाकून द्यावी, असे कोणत्याही आचार्यांनी म्हटलेले नाही.

कथाकोशांतील मृगसेन धीवराची कथा येथे आठवते. अवंती देशातील हा कोळी. मुनिराजांनी त्याला मासेमारी सोडण्यास सांगितले नाही; जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून द्यावा, एवढेच व्रत दिले. त्याने पहिला मासा खुणेसाठी चिंधी बांधून सोडला. तोच मासा पुन्हा आला, पुन्हा सोडला, असे पाच वेळा घडले. मृगसेन रिकाम्या हाताने घरी परतला आणि पत्नीने दार लावून घेतले. पुढच्या जन्मी पाच वेळा मृत्यू त्याच्या दारी येऊन परत गेला, अशी ती कथा. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या कोळ्याला आपण सोडलेला मासा ओळखता येत होता. पंचगंगेच्या काठचा भोई समाज आज जाळे टाकतो तेव्हा मासा सोडावा की धरावा, हा प्रश्नच त्याच्यापुढे क्वचित येतो. “मासे तर लोक खाण्यासाठी मारतातच, मग गुदमरून मेले तर जैनांनी एवढे दुःख का करावे?” असाही युक्तिवाद कोणी करतात. दुसऱ्याच्या हिंसेच्या प्रमाणावर स्वतःच्या प्रमादाची सूट मिळत नाही, एवढेच त्याचे उत्तर देता येईल.

2025 साली नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीसाठी जिल्ह्यातील आबालवृद्ध, सर्व जातिधर्मांचे लोक रस्त्यावर उतरले. एका मुक्या जिवासाठी एवढा समाज एकवटतो, हे दृश्य विसरता येण्यासारखे नव्हते. मासाही पंचेंद्रिय जीवच आहे. परंतु त्याला नाव नसते, त्याच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही, आणि तो मेल्यावर दुर्गंधी येते. त्याच्यासाठी मोर्चा निघावा अशी अपेक्षा येथे नाही. त्याच्यासाठी एक प्रश्न विचारला गेला तरी पुष्कळ होईल.

तो प्रश्न कोठे विचारावयाचा, हेही सांगणे भाग आहे. जिल्ह्यातील बरेच साखर कारखाने सहकारी आहेत. ऊस घालणारा शेतकरी हा त्यांचा केवळ पुरवठादार नसतो, तो सभासद, म्हणजे मालक असतो. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. उसाचा दर, मागील बिल, सभासदांची सवलतीची साखर यांवर तेथे तासन्‌तास खडाजंगी होते आणि व्हावीही, कारण तो पोटाचा प्रश्न आहे. पण स्पेंट वॉशच्या साठवण तलावाची क्षमता किती दिवसांची आहे, प्रक्रिया केंद्र मागील हंगामात किती तास बंद होते, बाहेर सोडलेल्या पाण्याच्या मोजमापाची नोंदवही सभासदाला पाहता येईल काय, हे प्रश्न सभेच्या इतिवृत्तात क्वचितच सापडतील. 2003 साली केंद्रीय मंडळाने सतरा प्रकारच्या उद्योगांसाठी जी आचारसंहिता ठरविली, तिच्यात साखर आणि आसवनी दोन्ही आहेत, आणि आसवनीचा एक थेंबही नदीत जाऊ नये अशी त्यात अपेक्षा आहे. यंत्रे उपलब्ध आहेत. स्पेंट वॉशपासून प्रथम जैववायू मिळतो. नंतर तो आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, त्याच्या राखेतून पालाश मिळते. प्रक्रिया गृहांच्या मालकांचीही अशीच गोष्ट आहे. त्यांपैकी कित्येक जण मंदिराच्या विश्वस्त मंडळावर बसतात, आणि त्यांच्यातील काहींनी स्वतःचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्यास प्रारंभही केला आहे. अशांचा सत्कार पर्युषणात व्हावयास हरकत नसावी. बोलीची रक्कम मोठी म्हणून ज्यांचा सत्कार होतो, त्यांच्या शेजारी त्यांनाही खुर्ची मिळावी.

नदी सुधारते काय, अशी शंका घेणाऱ्यांसाठी ऱ्हाईनचे उदाहरण आहे. 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्वित्झर्लंडमधील बासेलनजीक रसायनांच्या गोदामास आग लागली. ती विझविताना वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत वाहून गेली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम जातीच्या माशांचा संहार झाला. तो धक्का मोठा होता. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी एकत्र कार्यक्रम आखला; कारखान्यांना आगीचे पाणीसुद्धा अडवून धरणारे हौद बांधावे लागले; आणि जेथून सामन मासा नाहीसा झाला होता, त्या नदीत तो पुन्हा परतला. तेथील लोक अहिंसा परम धर्म मानणारे नव्हते. त्यांनी हौद बांधले.

एका जुन्या प्रथेचा उल्लेख करणे उरले आहे. पाणी गाळल्यावर गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात, त्यास जुनी माणसे ‘जिवाणी’ म्हणतात. ती गटारात झटकायची नसते. ज्या विहिरीचे वा नदीचे पाणी, त्याच जलाशयात ती परत सोडावयाची, कारण दुसऱ्या पाण्यात ते जीव जगत नाहीत. त्यासाठी तळाशी कडी असलेली बादली असते. वरून ओतल्यास आघाताने जीव मरतील म्हणून ती बादली पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सोडावयाची आणि तळची दोरी ओढून अलगद उलटी करावयाची. कित्येक घरांतून आज नळ आला, शुद्धीकरणाचे यंत्र आले, बाटलीबंद पाणी आले आणि ती बादली अडगळीत गेली. पण मुनिसंघाचा चौका लागला की विहिरीच्या पाण्यावाचून चालत नाही. नदीकाठच्या विहिरींत नदीचेच पाणी पाझरते. त्या पाण्याला वास येऊ लागला की चातुर्मासाची तयारी करणाऱ्या मंडळींना गावापासून दूर, मळ्यातील एखादी स्वच्छ विहीर शोधावी लागते. पहाटे तेथून सोवळ्याने पाणी आणावयाचे, चौक्यात गाळावयाचे, आणि जिवाणी घेऊन पुन्हा तेवढीच वाट चालत जावयाचे, कारण ती त्याच विहिरीत सोडावयाची असते.